घरी विजेवरचं धार-मशीन घ्यावं का? कोणतं? (सोलापूरकरांनो, अनुभव सांगा)

खानावळ_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी.

जुळे सोलापुरात माझी लहानशी खानावळ आहे. दोन वेळचे डबे जातात, शिवाय जागेवर जेवणारी कॉलेजची मुलं. कांदा, कोबी, टोमॅटो, गवार इतकं चिरावं लागतं की चाकू आठवडाभरात टोमॅटोच्या सालीवरून घसरायला लागतो. सायकलवर चाक बसवलेले धारवाले काका पूर्वी नेमाने गल्लीत यायचे, आता क्वचित दिसतात. लक्ष्मी मंडईकडे कुणाला पाठवावं तर तेवढा वेळ चाकू जाग्यावर नाही, काम खोळंबतं.

म्हणून विजेवर चालणारं मशीन घ्यायचं मनात आहे. ऑनलाइन बघितलं तर पाचशेपासून काही हजारांपर्यंत सगळं दिसतंय, आणि कशाला किती पैसे द्यायचे तेच कळत नाही. माझ्याकडे रुंद पात्याचा एक जर्मन चाकू आहे, दोन साधे स्टीलचे, एक पावाचा दातेरी, आणि चिरायला येणाऱ्या मावशींची विळी, तिला त्या कुणाला हात लावू देत नाहीत. रविवारी मटण असतं तेव्हा सत्तूरही लागतो. हे सगळं एका मशीनवर होईल का? पातं लवकर झिजतं असं म्हणतात, ते खरं का? आणि जावेचा भाऊ अमेरिकेहून येतोय, तो तिकडून आणतो म्हणतोय. आणायला सांगू का?

सातरस्ता

ताई, आधी एक सांगतो. पाचशे-सातशेला मिळतात ती बहुतेक हाताने ओढायची असतात. आत कार्बाइडच्या दोन पट्ट्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उभ्या केलेल्या असतात, चाकू त्यातून ओढला की धातू खरवडून निघतो. पहिल्या दिवशी धार आल्यासारखी वाटते, पण ती खडबडीत असते आणि लवकर बसते. यूएसबीवर चार्ज होणारी छोटी मशीनंही बघितली आहेत. मोटर इतकी अशक्त की जरा दाब पडला की चाक थांबतं. खानावळीच्या कामाला दोन्ही नकोत.

टूलरूम_चिंचोळी

ताई, मशीन घ्या. तुमच्या कामाला उपयोगी पडेल. चिंचोळी एमआयडीसीत टूलरूममध्ये ग्राइंडिंगवरच माझी नोकरी झाली, त्यामुळे या विषयावर जरा सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

सुरुवात मशीनपासून करू नका, चाकूपासून करा. चाकू ट्यूबलाइटखाली धार वर करून धरा आणि हळूच पुढेमागे झुकवा. जिथे धार शाबूत आहे तिथे काहीच चमकत नाही, कारण उजेड परतवायला तिथे सपाट जागा उरलेली नसते. जिथे बोथट झालाय तिथे केसासारखी पांढरी रेघ दिसते, आणि जिथे ओट्यावर किंवा हाडावर आपटलाय तिथे ठिपका. ही रेघ पूर्ण लांबीभर असेल तर धार नव्याने काढावी लागेल. तुटक आणि अगदी बारीक असेल तर मशीनच्या शेवटच्या, बारीक घासणाऱ्या टप्प्यावर दोन-तीनदा ओढून भागतं. घरोघरी चाकू झिजतात ते बहुतेक यामुळेच, की गरज बारीक टप्प्याची असते आणि लोक दरवेळी जाड टप्प्यापासून सुरू करतात.

आता निवड. सगळ्यात आधी कोन बघा. युरोपी पद्धतीच्या चाकूंना दर बाजूने साधारण २० अंश ठेवतात, म्हणजे दोन्ही मिळून ४०. जपानी पद्धतीच्या पातळ चाकूंना दर बाजूने १५ किंवा त्याहूनही कमी. जर्मन चाकूंचं पोलाद बहुधा ५६ ते ५८ एचआरसी कडकपणाचं असतं (एचआरसी म्हणजे कडकपणा मोजायचं माप, आकडा मोठा तितकं पोलाद कडक). तुमच्या पात्यावर एक्स ५० सीआर एमओ व्ही १५ असं काही कोरलेलं आहे का बघा. त्याचा अर्थ सुमारे अर्धा टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम, थोडं मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. जपानी चाकू बहुतेक ६० च्या वर जातात, त्यामुळे त्यांना बारीक कोन पेलतो. साधे स्टीलचे चाकू जर्मनपेक्षाही मऊ असतात. त्यांना १५ अंश दिले तर धार छान येते, पण दोन दिवसांत वाकते. तुमच्या तिन्ही चाकूंना २० अंशांचं मशीन योग्य. पेटीवर कोन लिहिलेलाच नसेल तर ते मशीन घेऊ नका.

दुसरं म्हणजे आतलं चाक कशाचं आहे. हिऱ्याची भुकटी बसवलेली चकती सगळ्यात चांगली. ती बहुतेक सगळ्या पोलादांवर चालते, बराच काळ टिकते, तेल-पाणी लागत नाही. ॲल्युमिनियम ऑक्साइडची चाकं स्वस्त पडतात, पण हळूहळू झिजतात, आणि झिजली की कोनही बिघडतो. तिसरा प्रकार पट्ट्याचा, म्हणजे सँडपेपरचा छोटा बेल्ट फिरतो. काही बेल्ट मशीनांत कोन बदलता येतो आणि धार सुरेख येते, पण पट्टे संपत राहतात. आपल्याकडे ते पट्टे सुटे मिळतात का, हे मशीन घेण्याआधी दुकानदाराला विचारा.

तिसरं, टप्पे. जाड आणि बारीक असे निदान दोन वेगळे खाचे हवेत, तीन असतील तर उत्तम. जाड टप्पा नवा उतार, म्हणजे धारेकडे निमुळती होणारी बाजू, काढतो, मधला सारखा करतो, शेवटचा गुळगुळीत करतो.

बेंच ग्राइंडरवर घरचा चाकू लावू नका. तो मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. ठिणग्या उडतात म्हणजे धार तापते, आणि धारेची कड इतकी पातळ असते की क्षणात तापून निघते. बऱ्याच पोलादांत दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की कडकपणा उतरायला लागतो. निळसर झाक आली म्हणजे तीनशेच्या जवळ पोचलं. मग त्या जागचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार टिकणार नाही. घरगुती मशीनचं चाक लहान असतं आणि आतली स्प्रिंग पातं हलकेच टेकवून ठेवते, म्हणून हा धोका कमी. तरी एकाच जागी चाकू थांबवला तर तिथे खड्डा पडतोच.

वापरण्याची रीत अशी. चाकू धुऊन, पुसून, कोरडा करून घ्या. तेलकट पातं घातलं तर लोखंडाचा भुसा चाकाला चिकटून बसतो. मशीन आधी चालू करा, मग पातं टाचेपासून, म्हणजे मुठीजवळच्या बाजूने, खाचात घाला आणि सरळ आपल्याकडे ओढा. दाबायचं नाही, चाकूचं स्वतःचं वजन पुरतं. वीस सेंटीमीटरच्या पात्याला चारेक सेकंद. टोकाशी आल्यावर मूठ किंचित उचला म्हणजे टोकाचा बाक चाकाला लागून राहील. मूठ फिरवून झटक्याने बाहेर काढली तर टोक गोल होतं. एकदा डावीकडच्या खाचातून, एकदा उजवीकडच्या, दोन्हीकडे सारखं.

आता बहुतेक लोक जे बघत नाहीत ते. एका बाजूने पुरेसं घासलं गेलं की दुसऱ्या बाजूला धातूची अगदी बारीक कड वळते. कारखान्यात आम्ही तिला बर म्हणतो. अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा सरकवून बाहेर काढा, धारेच्या लांबीवर कधीच फिरवू नका. कुठेतरी अंगठा अडकल्यासारखा होईल, ती बर. टाचेपासून टोकापर्यंत ती लागली तरच जाड टप्पा पुरा झाला. मध्ये कुठे लागत नसेल तर तिथे अजून उतार धारेपर्यंत पोचलेला नाही, पुढच्या टप्प्यावर जाऊन फायदा नाही. फार बोथट चाकूला पहिल्या वेळी जाड टप्प्यावर पंधरा-वीस जोड्याही लागतात, घाबरू नका. पुढे मग बारीक टप्प्यावर ती बर निघून जाते. ती तशीच राहिली तर चाकू पहिला कांदा मस्त कापतो आणि दहाव्या कांद्याला बोथट.

झाल्यावर चाकू धुवा, पुसा, मगच भाजीला लावा. मशीनवर पाणी घालू नका. प्लग काढून कोरड्या ब्रशने झाडा.

निसणा_आणि_पाणी

काकांनी माहिती उत्तम दिली, पण माझं मत वेगळं आहे. १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दाण्याच्या बारीकपणाचा आकडा) एक चांगला दगड घ्या, पाण्यात भिजवा, हाताने लावा. मशीन प्रत्येक वेळी दगडापेक्षा जास्त धातू खातं. काही वर्षांत रुंद पातं अरुंद होतं, आणि धारेमागचा भाग जाड राहतो. पातं मूळचं पाचरीसारखं असतं ना, जितकं वर चढत जाल तितकं जाड. मग धार आहे पण चाकू कोबीत रुततो, सरकत नाही. दगडावर कोन आपल्या हाती असतो, धारेमागचा जाडपणाही उतरवता येतो. जपानी एकबाजू धारेचे चाकू तर दोन्ही बाजूंनी घासणाऱ्या मशीनमध्ये घालूच नयेत. आमच्या घरी आजोबांचा कुरुंदाचा निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, अजून चालू आहे.

टूलरूम_चिंचोळी

धारेमागच्या जाडपणाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. मशीन वापरणाऱ्याने दोन-तीन वर्षांतून एकदा चाकू जाणत्या माणसाकडून पातळ करून घ्यावा.

पण ताईंच्या खानावळीत चिरणारे हात तीन-चार असणार. दगडावर वीस अंश दर वेळी सारखे धरायला सवय लागते, ती सगळ्यांना कशी येणार? कोन दर वेळी बदलला की धार गोल होत जाते, तीही झीजच आहे. घरी एकटा माणूस आवडीने बसत असेल तर दगडासारखं काही नाही. सकाळी सहाला डबे भरायचे असतील तर मशीन.

निसणा_आणि_पाणी

खानावळीपुरतं मान्य. घरच्यासाठी माझं मत तेच.

विमानतळ_ते_होटगी

अमेरिकेहून आणायच्या मुद्द्यावर कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. ताई, तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मोबाईलच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं म्हणून लोकांना वाटतं सगळंच चालतं. मोटरच्या वस्तूंचं तसं नसतं. स्वस्तात मिळतो तो अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज तेच राहतं. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाने मोठ्या हौसेने महागडं मशीन पाठवलं होतं. आईने पिन बदलून लावलं, दोन सेकंद वेगाने फिरलं, मग वास आणि धूर. त्या माउलीला स्वतःलाच अपराधी वाटत राहिलं, खरं तर कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

आणायचंच असेल तर मशीनच्या तळाची पट्टी वाचायला सांगा. २२० ते २४० व्होल्टची वेगळी आवृत्ती काही कंपन्या काढतात, ती मागवा. १२० वालं आलंच तर व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल. तो मशीनच्या वॅटच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्या, कारण मोटर सुरू होताना जास्त करंट ओढते. त्यातही हर्ट्झ बदलत नाहीत, त्यामुळे काही मोटरी सहाव्या हिश्शाने हळू फिरतात आणि जास्त तापतात. एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा इथेच वॉरंटीसह घेतलेलं बरं. बिघडलं तर दुकानदाराच्या दारात उभं राहता येतं.

मंगळवारपेठ_माहेर

विळीबद्दल मी सांगते. विळीचं पातं पाटाला उभं ठोकलेलं, वर बाकदार, पोटाशी जाड. ते कुठल्याच घरगुती मशीनच्या खाचात जात नाही. काढून घालायचं म्हटलं तरी त्याचा बाक खाचात सरळ बसत नाही. आमच्या आई विळी आडवी पाडून, पाट गुडघ्याखाली दाबून, ओल्या निसण्याने बुडापासून टोकाकडे घासायच्या. दगड धारेकडून बाहेर जायचा, बोटं कधीच धारेच्या पुढे नाही. फारच बोथट झाली तर आधी कानस, मग निसणा. पातं लोखंडी असेल तर धुतल्यावर लगेच पुसून शेंगदाण्याच्या तेलाचं बोट फिरवायचं, गंज येत नाही.

मावशी विळीला हात लावू देत नाहीत ते बरोबरच करतात. ज्या हाताला त्या पात्याची सवय आहे त्यालाच त्याची धार कळते. आणि एक विनंती, धार लावणारे शिकलगार दारावर आले तर विळी, सत्तूर, अडकित्ता त्यांच्याकडेच द्या. पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब आहे, आपण काम दिलं तरच ती माणसं गल्लीत येत राहतील.

युनिफॉर्म_शिलाई

इथे कात्रीचाही उल्लेख व्हायला हवा. सोलापुरात घरोघरी युनिफॉर्मचं शिवणकाम चालतं, मशीन घरात आलं की कुणीतरी कापडाची कात्री त्यात घालणारच. घालू नका. कात्रीच्या पात्याला उतार फक्त बाहेरून असतो आणि तो चाकूपेक्षा कितीतरी उभा असतो. आतली बाजू किंचित पोकळ घासलेली असते, म्हणून दोन पाती एका बिंदूवरच घासत पुढे सरकतात. चाकूच्या मशीनने आतून उतार पाडला की कात्री कापड कापत नाही, चावते. मग ती पूर्ववत करणं कारागिरालाही जड जातं. काही मशीनांना कात्रीसाठी वेगळा खाचा असतो, तो घरच्या साध्या कात्रीला चालेल. कटिंगच्या कात्रीला नाही.

खानावळ_जुळेसोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. जावेच्या भावाला नको म्हणून कळवलं आणि इथल्याच दुकानातून घेतलं. २० अंश, हिऱ्याच्या चकत्या, तीन टप्पे, २३० व्होल्ट, वर्षाची वॉरंटी. दुकानदाराने आधी दुसरंच पुढे केलं होतं. मी पेटीवर कोन दाखवा म्हटलं, तेव्हा आतून हे आणलं.

पहिल्या दिवशी साधा चाकू घेतला, जर्मनला हात लावला नाही. बर म्हणजे काय ते अंगठ्याला लागल्यावर कळलं. पात्याच्या मधोमध दोन बोटं जागा अशी होती की तिथे काही लागेचना, काका म्हणाले तसं. पुन्हा जाड टप्प्यावर थोडं केलं तेव्हा सगळीकडे सारखी लागली. शेवटी वर्तमानपत्राचा कागद नुसता धरून वरून चाकू सोडला तर सरळ खाली गेला. मशीनखाली पांढरं फडकं घातलं होतं, त्यावर काळी भुकटी पडली. ही भुकटी जेवणात जायला नको म्हणून मशीन आता स्वयंपाकाच्या ओट्यावर न ठेवता मागच्या पडवीत ठेवलंय, आणि कामाच्या मुलींपैकी एकीनेच ते वापरायचं असं ठरवलंय.

जर्मन चाकूला मात्र एक अडचण आली. टोकाला धार सुरेख, मधे सुरेख, पण मुठीजवळचा पेरभर भाग तसाच बोथट. कोथिंबीर बारीक करताना तो भाग फळीला टेकतो आणि काड्या अर्धवट राहतात. माझं काही चुकतंय का?

टूलरूम_चिंचोळी

तुमचं काही चुकत नाही. त्या जातीच्या चाकूंना मुठीजवळ जाड खांदा असतो, तो थेट धारेपर्यंत खाली उतरलेला असतो. खांदा मशीनच्या कडेला अडतो, त्यामुळे चाक टाचेपर्यंत पोचतच नाही. असंच वर्षानुवर्षं चालू ठेवलं तर बाकीचं पातं झिजून वर जाईल आणि टाच तशीच खाली लोंबत राहील. मग धार फळीवर सपाट बसणार नाही, कोथिंबिरीच्या माळा लोंबतील. याला उपाय एकच, वर्ष-दीड वर्षाने तो खांदा धारेच्या पातळीला आणून घ्यायचा. शिकलगाराला सांगा, 'टाच समतल करून द्या'. त्याचं चाक मोठं असतं, त्याला हे अवघड नाही. करताना पाण्यात बुडवत करायला सांगा. पुढचा चाकू घेताना खांदा धारेपर्यंत न आलेला बघून घ्या.

पडवीत ठेवलंत ते फार चांगलं केलंत. काही मशीनांच्या तळाशी चुंबक असतं, ते भुसा धरून ठेवतं. तुमच्यात आहे का बघा, असेल तर महिन्याकाठी कोरड्या कागदाने पुसून घ्या. आणि पुस्तिकेत सलग किती वेळ चालवायचं ते दिलेलं असतं, तेवढंच चालवा. छोट्या मोटरी दिवसभर चालण्यासाठी बनवलेल्या नसतात.

सातरस्ता

आणि चिरता कशावर ते सांगा ताई. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चिरत असाल तर मशीन कितीही चांगलं असू दे, संध्याकाळपर्यंत धार जाणार. काचेची फळीही तशीच. लाकूड किंवा जाड प्लास्टिक.

खानावळ_जुळेसोलापूर

फळी लाकडाचीच आहे, पण चिरलेला कांदा गोळा करताना मुली चाकूच्या धारेने फळीवरून ओढतात. त्याने काही होतं का?

टूलरूम_चिंचोळी

होतं. धार आडवी घासली की ती बाजूला वळते. चाकू उलटा करून पाठीने ओढायला शिकवा, धार जास्त दिवस टिकेल.

खानावळ_जुळेसोलापूर

आजच सांगते. शेवटचं विचारते, पावाचा दातेरी आणि मटणाचा सत्तूर?

टूलरूम_चिंचोळी

दातेरी चाकू फक्त शेवटच्या, गुळगुळीत करणाऱ्या टप्प्यावर, तोही पुस्तिकेत परवानगी असेल तरच. जाड टप्प्यावर घातला तर दात सपाट होतात. तसंही पावाच्या चाकूला क्वचितच धार लागते, दातांमधल्या खाचा आत असल्याने फळीला फक्त दातांची टोकं टेकतात.

सत्तूर घालू नका. त्याचं पातं खाचात नीट बसणारच नाही, आणि हाड तोडायला २० अंशांपेक्षा बोथट कोनच हवा, नाहीतर कड तुटते. तुम्ही मटण आणता त्या खाटिकाला विचारा, त्याचे सत्तूर कोण लावून देतं ते. त्याच माणसाकडे द्या.